साठीचा मुहूर्त

वाढदिवस हा खरें पाहतां फार मोठा विषय नव्हे. ज्या दिवशीं आपण जन्मास आलों त्या दिवशीं आपला स्वतःचा पराक्रम असा कांहींच नव्हता. सारे कष्ट आईचे होते. तरीसुद्धां त्या दिवसाचे धनी आपण होऊन बसतों, आणि पन्नास, साठ, पंचाहत्तर असे आंकडे आले म्हणजे तर आपण एखादा गडच सर केला असें वाटूं लागतें. अशाच एका आंकड्याची, म्हणजे माझ्या साठीची, हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती सर्वस्वी सुखाची नाहीं. परंतु तिच्यापासून मला जें शिकावें लागलें तें केवळ माझ्यापुरतें ठेवणें योग्य नव्हे, असें वाटल्यावरून हें धाडस करीत आहें.

आपल्या पंचांगांत साठ संवत्सरांचें एक चक्र आहे. प्रभव हें त्यांतील पहिलें आणि क्षय हें शेवटचें. या साठ आंकड्याच्या मुळाशीं आकाशाचा हिशेब आहे. गुरूला सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास सुमारें बारा वर्षें लागतात व शनीला सुमारें साडेएकोणतीस; म्हणजे साठ वर्षांत गुरूच्या पांच व शनीच्या दोन फेऱ्या होतात, आणि दोघेही जवळजवळ पूर्वीच्याच ठिकाणीं परत येतात. म्हणून साठ वर्षें जगलेल्या मनुष्यास त्याच्या जन्माचें संवत्सर पुन्हां एकदां भेटतें. या वेळीं करावयाच्या विधीस आपल्या पूर्वजांनीं उत्सव म्हटलें नाहीं, शांति म्हटलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. साठाव्या वर्षाची उग्ररथ शांति आणि सत्तराव्या वर्षाची भीमरथी शांति. हीं नांवें हारतुऱ्यांचीं नव्हेत. साठ वर्षांत मनुष्याच्या हातून जें उग्र घडलें असेल तें शमविण्याची ती वेळ, असा अर्थ मी आतां करतों. पूर्वीं मीं तो केला नव्हता.

माझा जन्म शके १८८२, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा. इंग्रजी सन १९६०, महिना नोव्हेंबर. त्या संवत्सराचें नांव शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. मी गणिताचा शिक्षक. फलज्योतिषावर माझा विश्वास नाहीं. परंतु २५ मार्च २०२० रोजीं गुढीपाडव्याला शके १९४२ चें शार्वरी संवत्सर सुरू झालें, आणि त्याच मध्यरात्रीपासून सारा देश कुलुपांत बंद झाला, तेव्हां आईनें पंचांगांतील तें नांव वाचून चष्मा काढून ठेवला, हें मला आठवतें. नांवाचा आणि रोगाचा कांहीं संबंध नाहीं हें तीही जाणत होती. पूर्वींचें शार्वरी संवत्सर तिला पुत्रलाभाचें, म्हणून आनंदाचेंच गेलें होतें.

तो आनंद मात्र फार दिवस निर्वेध टिकला नाहीं. मी आठ महिन्यांचाही झालों नव्हतों, तोंच १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या पाण्यानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठा धुऊन काढल्या. आमचें बिऱ्हाड त्या वेळीं नारायण पेठेंतील एका वाड्यांत होतें. वडील नोकरीनिमित्त परगांवीं गेलेले. घरांत आई, मी आणि माझा पांच वर्षांचा थोरला भाऊ. पाणी येत आहे अशी हाकाटी झाली तेव्हां आईनें मला दुपट्यांत गुंडाळून उराशीं धरलें आणि दादाच्या हातांत माझ्या दुधाचा झांकणाचा गडू देऊन बजावलें, "पदर सोडूं नकोस आणि दूध सांडूं नकोस." त्या गर्दींतून आणि चिखलांतून आम्ही तिघें पर्वतीच्या टेकडीवर पोंचलों. वाडा गेला, भांडींकुंडीं गेलीं, आजोबांच्या पोथ्या गेल्या. गडूंतलें दूध मात्र थेंबभरही सांडलें नाहीं.

ही गोष्ट दादानें पुढें जन्मभर सांगितली. मला शाळेंत पहिला क्रमांक मिळाला, नोकरी लागली, लग्न ठरलें, तरी त्याचें वाक्य ठरलेलें असे: "दूध मीं सांभाळलें म्हणून हें सारें, बरें का!" आम्ही सारे हंसत असूं. तो गडू त्यानें मुंबईस आपल्या घरीं नेऊन ठेवला होता.

आतां मला माझ्याकडे कमीपणा आणणारी गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७ सालीं, वडील वारल्यानंतर, आमच्या कोंकणांतील वडिलार्जित घराचा प्रश्न निघाला. दादाचें म्हणणें, घर पडत चाललें आहे, दरवर्षीं कौलें चाळण्याचाच खर्च झेपत नाहीं, विकून टाकावें. माझें म्हणणें, वडिलांची खूण आहे, ठेवावें. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें. आणि भांडण हें बहुधा अशाच ठिकाणीं होतें. बोलतां बोलतां दादा म्हणाला, "मी थोरला आहें, कांहीं माझेंही ऐक." त्यावर मी बोलून गेलों, "त्या गडूभर दुधाचें व्याज अजून किती वर्षें वसूल करणार आहेस?"

दादा कांहीं बोलला नाहीं. त्यानें आपली पिशवी उचलली, आईला नमस्कार केला आणि सायंकाळच्या गाडीनें तो परत गेला. त्यानंतर तो आईला भेटावयास येई, पण मी घरीं नसेन अशी वेळ साधून. घर विकलें गेलें नाहीं आणि दुरुस्तही झालें नाहीं.

आपली चूक झाली हें मला त्याच रात्रीं कळलें होतें. परंतु कळणें आणि बोलणें यांमध्यें मनुष्य किती अंतर ठेवतो! प्रथम अभिमान आडवा आला. मग लाज आडवी आली. आणि शेवटीं मला एक फार सोईची सबब सांपडली. ती म्हणजे माझी साठी. मीं मनाशीं योजिलें, साठीला सारे आप्तेष्ट जमतील. त्या वेळीं दादाला पाटावर बसवावें, सर्वांसमक्ष त्याच्या पायांवर डोकें ठेवावें आणि झालें गेलें विसर म्हणून सांगावें. प्रसंगाला शोभा येईल आणि मलाही सोपें जाईल. श्रोतेहो, गणिती मनुष्यास तारीख ठरली म्हणजे काम झाल्यासारखेंच वाटतें. मीं तीन वर्षें त्या तारखेवर निर्धास्तपणें काढलीं.

मग तें वर्ष आलें. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत रोगाचे पहिले रुग्ण आढळले. २२ तारखेस जनतेनें आपण होऊन संचारबंदी पाळली. आणि पाडव्याच्या दिवशीं लक्ष्मी रस्त्यावर चिटपांखरूं नव्हतें. त्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां घरचा दूरध्वनि वाजला. पलीकडे दादा होता.

"बाळ, गुढी उभारलीस का?"

"हो. तूं?"

"उभारली. पण कडुनिंब कोठून मिळावयाचा! कुंडींतल्या तुळशीचीच डहाळी बांधली." मग थोडें थांबून त्यानें विचारलें, "दूध मिळतें ना रे तुमच्याकडे?"

त्याच्या स्वरांत टोंचणी यत्किंचितही नव्हती. त्या दिवसांत सारा महाराष्ट्र एकमेकांस हाच प्रश्न विचारीत होता. माझा कंठ मात्र दाटून आला. "मिळतें," एवढेंच मीं म्हटलें.

त्या दिवसापासून रोज आठ वाजतां तो बोलूं लागला. भाजी कितीला मिळाली, वाण्यापुढें रांग किती होती, आईचा खोकला कसा आहे, असेंच सारें बोलणें. मीं एकदां मुद्द्याकडे वळण्याचा प्रयत्न केला. "दादा, मला तुझ्याशीं कांहीं बोलावयाचें आहे," असें म्हटलें. तो म्हणाला, "बोल कीं." आणि मी म्हणालों, "आतां नको. साठीला येशील तेव्हां बोलूं." तो हंसला. "येतों तर! गडू घेऊन येतों," म्हणाला.

आषाढ आला. आईनें पुण्यांत आल्यापासून सहसा पालखीचें दर्शन चुकविलें नव्हतें. त्या वर्षीं वारी पायीं निघालीच नाहीं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जूनला एस्. टी. च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या. आई दूरदर्शनपुढें हात जोडून बसली होती. ती म्हणाली, "यंदा विठोबासुद्धां माणसांविना एकटाच उभा आहे रे!"

जुलैच्या मध्याला पुण्यांत पुन्हां दहा दिवसांचें कडक कुलूप लागलें. त्याच सुमारास दादाला ताप आला आणि मुंबईंतील एका रुग्णालयांत त्याला नेण्यांत आलें. वहिनींना दारापासूनच परतावें लागलें. पहिले कांहीं दिवस तो तेथूनही आठ वाजतां बोलत असे. आवाज खोल गेलेला, मध्यें धाप लागे. शेवटच्या दिवशींचें आमचें बोलणें मला शब्दशः पाठ आहे. मीं विचारलें, प्राणवायूचें प्रमाण किती आहे, डॉक्टर काय म्हणतात, जेवण गेलें का. मला जें बोलावयाचें होतें तें ओंठांवर आलें होतें. परंतु अशा अवस्थेंत जुनें कशाला उकरावें, असें मीं मनाला समजाविलें. खरें सांगावयाचें तर, तें बोललों असतों म्हणजे तो परत येणार नाहीं असें मीं कबूल केल्यासारखें झालें असतें, अशीही एक वेडी भीति होती. मीं म्हटलें, "लवकर बरा हो. साठीला यावयाचें आहे." तो म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशीं आठ वाजतां घंटा वाजली नाहीं. आई आपल्या खाटेवर बसून घड्याळाकडे पाहत होती. सवाआठ झाले, साडेआठ झाले. आम्ही तिला काय व कसें सांगावें या विचारांत असतांना तीच म्हणाली, "सांगा आतां. मला कळलें आहे."

अंत्यविधि महानगरपालिकेच्या माणसांनीं उरकला. त्यांनीं तो किती श्रद्धेनें केला हें पुतण्यानें पुढें सांगितलें, तेव्हां त्या अनोळखी माणसांस मीं मनोमन दंडवत घातला. प्रवासाचा परवाना कदाचित् मिळाला असता. परंतु मी पोंचण्यापूर्वीं सारें संपणार होतें, आणि घरांत पंचाऐशी वर्षांची आई होती. ज्यानें एके काळीं माझ्यासाठीं पुरांतून वाट काढली, त्याच्याकडे जाण्यासाठीं मला चार तासांची सडक ओलांडतां आली नाहीं.

त्या वर्षीं आश्विन अधिक मास होता. त्यामुळें माझी तारखेची साठी नोव्हेंबरांत होऊन गेली आणि तिथीची साठी जवळजवळ महिनाभर मागून, सोमवार, २१ डिसेंबर रोजीं आली. मीं घरांत बजावून ठेवलें होतें कीं, या वर्षीं कांहीं करावयाचें नाहीं. घरांत मृत्यु झालेला आहे, समारंभ शोभणार नाहीं. सर्वांनीं मान्य केलें. आईनें तेवढें मान्य केलें नाहीं.

"समारंभ नको," ती म्हणाली. "पण ओवाळणें म्हणजे समारंभ नव्हे. औक्ष मागणें आहे तें. एक लेकरूं गेलें म्हणून दुसऱ्यासाठीं मागूं नको कीं काय?"

या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. पत्नीनें कणकेचे साठ दिवे वळले. नातीनें वाती घातल्या. त्याच दिवशीं दुपारीं मुंबईहून वहिनी आल्या. प्रवासास मोकळीक झाल्यापासून त्या प्रथमच येत होत्या. त्यांनीं पिशवींतून गडू काढला आणि कांहीं न बोलतां आईपुढें ठेवला.

सायंकाळीं मला पाटावर बसविलें. आईनें आधीं ओवाळलें आणि मग तबक वहिनींच्या पुढें केलें. वहिनी मागें सरल्या. "मी कशी ओवाळूं?" असें हळूच म्हणाल्या. आई म्हणाली, "मी ओवाळलें तशी. मलाही कुंकू नाहीं. दिव्याला तें कोठें ठाऊक असतें?" वहिनींनीं तबक घेतलें. साठ दिव्यांच्या त्या उजेडांत त्यांचे हात कांपत होते आणि पाटावर दादाच्या जागीं मीच बसलेला होतों.

ज्या माणसाला सांगावयाचें होतें तो आतां नव्हता. तरी मीं त्या दिवशीं सर्वांसमक्ष, ठरविल्याप्रमाणें, माझ्या तोंडून गेलेलें तें वाक्य पुन्हां उच्चारलें आणि वहिनींची क्षमा मागितली. मला वाटलें होतें कीं त्या म्हणतील, 'हे तें केव्हांच विसरले होते.' दुःखाच्या वेळीं माणसें असें म्हणतात. त्या तसें म्हणाल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "भावजी, हे तें विसरले नव्हते. फार लागलें होतें त्यांना. पण दूरध्वनि तेच करीत होते ना?"

श्रोतेहो, साठ वर्षांत मीं पुष्कळ पुस्तकें वाचलीं, पुष्कळ मुलांस शिकविलें. परंतु क्षमा म्हणजे काय तें मला या दोन वाक्यांनीं शिकविलें. विसरणें म्हणजे क्षमा असें मी समजत होतों. वास्तविक, जो विसरला त्याला क्षमा करण्याचें काय उरलें? लागलेलें लक्षांत ठेवूनही जो रोज आठ वाजतां 'दूध मिळतें ना' म्हणून विचारतो, त्यानें क्षमा केली. मी मात्र तिच्यासाठीं पाट, रांगोळी आणि मंडळी जमण्याची वाट पाहत राहिलों.

त्याच सायंकाळीं आकाशांतही एक योग होता. गुरु आणि शनि यांची युति होती. इतक्या निकट ते १६२३ नंतर आले नव्हते. सूर्यास्तानंतर आम्ही सारीं गच्चीवर गेलों. पश्चिमेस मकर राशींत ते दोघे एकमेकांस बिलगून दिसत होते. चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकेंच अंतर. अशीच युति मी तीन महिन्यांचा असतांना, फेब्रुवारी १९६१ मध्यें, याच राशींत झाली होती. नातीनें विचारलें, "आजोबा, ते खरेंच भेटले का?" मीं शिक्षकाच्या संवयीनें सांगितलें कीं नाहीं, बाळ, त्यांच्यामध्यें त्या क्षणींही सुमारें त्र्याहत्तर कोटि किलोमीटरांचें अंतर आहे, आपण ज्या जागेवरून पाहतों तेथून ते जवळ दिसतात, इतकेंच. ती बिचारी हिरमुसली. आई खुर्चीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "ग्रहांचें असूं दे. त्यांना फेरा चुकवितां येत नाहीं. माणसांना येतो."

मला वाटतें, माझ्या साठीचें सारें फल या वाक्यांत आहे. ग्रह ठरल्या वेळींच भेटतात, कारण त्यांना दुसरें कांहीं करतां येत नाहीं. मनुष्याला मुहूर्ताची गरज नाहीं. साठी, पंचाहत्तरी, लग्न, मुंज हे प्रसंग चांगले. त्या निमित्तानें माणसें एकत्र येतात. परंतु जें बोलणें अत्यंत जरुरीचें आहे तें अशा प्रसंगांच्या हवालीं करूं नये. प्रसंग येतो, माणूस येतोच असें नाहीं.

कोंकणांतलें घर आम्ही त्यानंतर विकलें. दादाचें म्हणणें बरोबर होतें. कौलें कोणी चाळावयाचीं हा प्रश्न मलाही सुटला नाहीं. दादाच्या वांट्याचा पैसा वहिनींनीं घेतला. वडिलांची खूण म्हणून मीं तेथली एक रोवळी आणली आहे. ती गडूच्या शेजारीं ठेवली आहे. रोज सकाळीं घरीं दूध येतें तेव्हां पत्नी पहिलें मापटें त्या गडूंत ओतते. चहा त्याच दुधाचा होतो. यांत पूजा वगैरे कांहीं नाहीं. गडू वापरांत राहावा, एवढाच हेतु.

माझें भाषण आतां संपलें. घड्याळांत आठ वाजावयास थोडा अवकाश आहे. आपणांपैकीं ज्यांच्या मनांत एखाद्या भावाशीं, बहिणीशीं, मित्राशीं बोलावयाचें राहून गेलें असेल, त्यांनीं यापुढील गायनाचा कार्यक्रम आज ऐकला नाहीं तरी माझी हरकत नाहीं. काय बोलावें हें सुचत नसेल, तर दूध मिळतें ना, एवढें विचारावें. पुढचें आपोआप सुचेल.